फॉर्म्युल्यात महागाईच नाही!

"तरुणपणी बचत केली नाही, मग म्हातारपणी हाल होणारच." हे वाक्य आमच्या आयटीतल्या मंडळींचं फार लाडकं. एसआयपी सुरू केली की माणसाला असं बोलायचा परवाना मिळतो बहुतेक. तर मंडळी, जरा गणित करू.

एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, खाजगी कंपन्या. इथल्या कामगारांसाठी १९९५ साली ईपीएस-९५ ही पेन्शन योजना आली. पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम मालकाच्या पीएफ वाट्यातून परस्पर कापली जाते. म्हणजे बचत झाली, तीही सक्तीची. आता फॉर्म्युला बघा: पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०.

गोम आहे ती 'धरलेला पगार' या शब्दांत. २००१ ते २०१४ ही मर्यादा ६५०० रुपये होती. हातात पगार कितीही पडो, बहुतेकांचा हिशोब ६५०० वरच. १५ वर्षं नोकरी करून २०१० साली ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला माणूस घ्या. ६५०० × १५ ÷ ७० = १३९३ रुपये. महिन्याला! आणि २०२४ सालीही तेवढेच, कारण या फॉर्म्युल्यात महागाई नावाचा व्हेरिएबलच नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन १००० रुपये ठरली, २०२४ मध्येही तीच. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर त्या हजाराची किंमत दहा वर्षांत ६१४ रुपये होते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या घ्यायच्या की गॅस, एवढंच ठरवायचं.

"फंडात पैसे नाहीत हो!" असतीलही नसतील. पण मर्यादा तेरा वर्षं गोठवून वर्गणी कमी कोणी ठेवली? कामगाराने? स्वतःचा वाटा १.१६ टक्क्यांवर कोणी ठेवला?

आणि महागाईशी पेन्शन जोडणं अवघड आहे म्हणावं, तर खासदारांसाठी २०१८ च्या कायद्याने तेच केलं. त्यांची पेन्शन २५ हजारांवरून ३१ हजार झाली, २०२५ मध्ये, तीही २०२३ पासूनच्या फरकासकट. कोड लिहिलेला आहे, चालतोही आहे. फक्त कामगाराच्या फाईलमध्ये कॉपी-पेस्ट करायचा राहिलाय.

तेव्हा बचतीचं प्रवचन जरा आवरा. या माणसांनी आयुष्यभर हप्ता भरला. महागाईभत्ता ही भीक नाही, त्यांचीच थकबाकी आहे.