एका वेतातले इतके रंग

आई तिरंगी आणि पिल्ले काळी, केशरी, पट्टेरी! बाप वेगवेगळे असतील, असे लोक म्हणतात. मांजरांत ते घडतेही, पण एकाच बोक्यापासूनही ही विविधता येते. केशरी रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. बोक्याकडे सहसा एकच एक्स, म्हणून तो केशरी तरी होतो किंवा काळा. भाटीकडे दोन असतात, आणि गर्भावस्थेतच प्रत्येक पेशीत त्यातले एक निष्क्रिय होते. कोणते, ते केवळ योगायोगाने ठरते. त्यामुळेच तिच्या अंगावर दोन्ही रंग दिसू शकतात. पांढरे ठिपके वेगळ्या जनुकाचे.

२००१ मध्ये टेक्सासात ‘रेनबो’ या तिरंगी मांजरीच्या पेशीतून ‘सीसी’ ही क्लोन जन्मली, पण जनुके तीच असूनही तिच्यात केशरी रंग नव्हताच. मग केवळ रंगावरून पिल्लाची जात सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास का ठेवावा?