बदकांची शिकार बंद झाली, चांगलं झालं. पण डोंगा का बंद पाडता?

अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 1836 च्या सुमारास हेझलटन सीमन नावाच्या माणसानं बदकांच्या शिकारीसाठी एक चपटी लाकडी होडी बनवली. लांबी 12 फुटांच्या आसपास, माणूस मावणार एकच. वरून गवत टाकायचं, आत आडवं पडायचं अन् बदक जवळ येईपर्यंत वाट पाहायची. तशा होड्या तिथले हौशी लोक आजही बनवतात. पण तिथं शिकाऱ्याला 1934 पासून 'डक स्टॅम्प' विकत घ्यावा लागतो. आज त्याची किंमत 25 डॉलर आहे अन् तो पैसा पाणथळ जागा राखायला जातो.

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनंतर उरलीसुरली परवान्याची शिकारही बंद झाली. योग्यच झालं. माझा प्रश्न होडीचा आहे.

आपली होडी म्हणजे ढिवर-भोयांचा डोंगा. उथळ पाण्यात, गाळात, शेवाळात एका बांबूच्या जोरावर चालणारा. पण आता लाकूड परवडत नाही. 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं स्वतःच्या शेतातला साग किंवा मोह तोडायलाही परवानगी लागते. मग गरीब माणूस काय करतो? थर्माकोलचा तुकडा नाहीतर ट्रकची ट्यूब घेतो अन् त्यावर बसून जाळं टाकतो. थर्माकोलचा चुरा पाण्यात जातो अन् तोल गेला तर माणूसही.

पाणी माफ करत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. 14 सप्टेंबर 2021 ला वरुड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 जण बुडाले. चार दिवस हळहळलो, विसरलो.

हिवाळ्यात आपल्या तलावांवर चक्रवाक, थापट्या, तलवार बदक येतात. हळदी-कुंकू अन् अडई तर इथलीच. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. पण काठावरून दुर्बिणीनं किती दिसणार? कोणत्या कोपऱ्यात कोणतं पाखरू बसते, हे रोज पाण्यात असलेल्या ढिवरदादालाच विचारावं लागते. त्याला गणनेत मानधन देऊन का घेत नाही?

माझं म्हणणं सरळ आहे. वन विभागानं डेपोतलं लाकूड मच्छीमार संस्थांना सवलतीत द्यावं. डोंगा बनवणारे जे जुने हात उरले आहेत, त्यांच्याकडून पोरांना शिकवावं. प्रत्येक डोंग्यात लाइफ जॅकेट सक्तीचं करावं. खर्च जिल्हा नियोजन समितीनं उचलावा, तो एखाद्या स्वागत कमानीपेक्षा जास्त होणार नाही. बदल्यात संस्थांनी पक्षी मोजावे अन् बदकांसाठी लावलेले फासे दिसले की कळवावं.

तिकडं शिकाऱ्याच्या पैशातून तळी राखली जातात. आपल्याकडे शिकारी नाही, पण तलावावर जगणारा माणूस आहे. त्याला हाताशी धरल्याशिवाय ना तलाव वाचणार, ना बदक.

तुमच्या गावच्या तलावावर डोंगा आहे की थर्माकोल? कमेंटमध्ये सांगा, फोटो असेल तर टाका. पालकमंत्र्यांना निवेदन देताना कामी येईल.