काचेतला समुद्र, भीमेतला मासा

बारामती समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. तेथल्या एखाद्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची टाकी मांडून रंगीत मासे पाळायचे ठरले, तर समुद्र अक्षरशः पोत्यातून आणावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे 300 लिटरच्या टाकीला पहिल्याच दिवशी दहा किलोंहून अधिक मीठ लागणार, तेही स्वयंपाकघरातले नव्हे, त्यासाठी मुद्दाम बनविलेले. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की पाणी थंड ठेवणारे यंत्र हवे. वीज फार वेळ गेली की मासे गुदमरू लागतात.

या हौसेवर पहिला आक्षेप येतो तो पाण्याचा. सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात टँकरची वाट पाहणारी बाई आणि बंगल्यातली झगमगती टाकी, हे चित्र सभेत टाळ्या मिळवील. पण ते न्याय्य नाही. ज्या तालुक्यांत नीरा डाव्या कालव्यावर उसाचे मळे उभे आहेत, तेथे पाण्याच्या विषमतेचा जाब माशांच्या टाकीला विचारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होय. खरा प्रश्न त्या माशाचा आहे, आणि तो धरणाऱ्या माणसाचा.

गोड्या पाण्यातले शोभेचे मासे बहुतेक हौदांत आणि तळ्यांत पैदास केलेले असतात. समुद्री माशांचे तसे नाही. काही मोजक्या जाती वगळल्या, तर ते प्रवाळांच्या कपारींतून धरून आणलेले असतात. फिलिपाईन्स आणि इंडोनेशिया या मोठ्या पुरवठादार देशांत सायनाइडचे द्रावण फवारून मासे गुंगवून धरण्याची रीत 1960 च्या दशकापासून चालत आली आणि बंदीनंतरही रेंगाळली. त्या विषाने भोवतालचे प्रवाळही मरतात. पृष्ठभागावरच्या यंत्राची हवा नळीतून घेत खोल उतरणारे गरीब पाणबुडे घाईने वर आले, तर कायमचे पंगू होतात. दुकानातल्या माशाच्या किमतीत वाटेत मेलेल्या माशांचा खर्च धरलेला असतो. पाणबुड्याचे लुळे पाय आणि मेलेले प्रवाळ मात्र कोणत्याच हिशेबात येत नाहीत. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. बाह्य याचा अर्थ एवढाच की, तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेला असतो.

असा खर्च कसा माथी बसतो, हे पाहण्यासाठी इंदापूरकरांना परदेशी जाण्याची गरज नाही. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. भीमेकाठची गावे उठली, आणि पळसदेव-भिगवण परिसरात जलाशयाच्या पाण्यावर मासेमारीचा धंदा उभा राहिला. त्या पाण्यात आज सकर मासा शिरला आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. काचेवरचे शेवाळ खातो म्हणून तो घरच्या टाकीत सोडतात. हातभर वाढला की टाकीत मावत नाही, मारायला जीव धजत नाही. मग कोणी तरी भूतदयेने तो नदीत सोडतो. त्याच्या अंगावरच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. भूतदया शहरातल्या मालकाची, जाळे मात्र भोयाचे! समुद्री माशाच्या मालकाला ही पळवाटदेखील नाही. भीमेच्या पाण्यात तो मासा जगणारच नाही.

जेवणाच्या ताटात बांगडा चालतो, मग टाकीतलाच मासा का खुपतो, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु बांगडा पोटासाठी धरला जातो. दिवाणखान्याच्या शोभेसाठी जिवंत प्राण्याचा आणि पाणबुड्याचा जीव पणाला लावताना अधिक कडक समर्थन मागावे लागते. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठीच होते, आणि 2020 मध्ये बंद होईपर्यंत तिकीट काढून गिरणी कामगाराचे पोरही तेथे समुद्रातला मासा पाहू शके. एकाच घरापुरता बंदिस्त केलेला समुद्र त्या पंक्तीत बसत नाही.

कायद्याचा आधार तोकडा आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी केंद्राने मे 2017 मध्ये नियम काढले, पण व्यापाऱ्यांच्या ओरडीनंतर ते मागे घेतले. नियमांत दोष होतेच. परंतु ते दुरुस्त करण्याऐवजी टाकून देण्यात आले.

लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर मात्र राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मार्गदर्शनाखाली स्त्रियांचे गट शोभेची समुद्री कोळंबी वाढवितात. क्लाऊनफिशची पैदासही आपल्याकडच्या संशोधन संस्थांनी साधली आहे. कोकणातल्या मच्छीमार स्त्रियांच्या सहकारी संस्थांकडे हे तंत्र का जाऊ नये? तोवर ज्याला हौस आवरत नाही, त्याने दुकानदाराला एवढेच विचारावे की, हा मासा हौदात जन्मला की धरून आणला. दुकानदार उत्तर टाळू लागला, तर टाकी रिकामी राहिलेली बरी.