श्रद्धेची किंमत

शत्रूवरही प्रेम करण्याचा ख्रिस्ताचा उपदेश अन्यायाच्या प्रतिकाराचे साधन होऊ शकतो काय? अमेरिकेतील माँटगोमेरी शहराने या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले. गोऱ्या उतारूसाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली आणि ५ डिसेंबरपासून कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. बहुसंख्य उतारू तेच असल्याने बसकंपनीचे उत्पन्न कोसळले. चर्चमध्ये प्रार्थना होत, तेथेच वर्गणी जमे आणि खासगी मोटारींची पर्यायी व्यवस्थाही आखली जाई. जानेवारी १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा संतप्त जमावाला त्यांनीच शांत केले. ३८१ दिवसांनंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने, बसमधील वर्णभेद संपला.

मात्र श्रद्धा आपोआप न्यायाची बाजू घेते, असे नव्हे. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निदर्शने अवेळी ठरवून संयमाचा सल्ला दिला होता. धर्म दोहोंचाही होता; फरक होता तो त्याची किंमत मोजण्याच्या तयारीचा. माँटगोमेरीतील मोलकरणींनी ती रोजच्या पायपिटीने मोजली. अहिंसेचे बळ अशा संघटित त्यागात असते, केवळ सदिच्छेत नव्हे.