पंचांच्या दंडाची पावती नसते

हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर' (1850) या कादंबरीतल्या प्युरिटन बॉस्टनला कर्मठ म्हणून नावं ठेवायचा अधिकार निदान आम्हा रायगडकरांना नाही. तिथं हेस्टर प्रिनला तान्ह्या मुलीसह तीन तास चौथऱ्यावर उभं केलं, छातीवर लाल 'ए' लावायला लावला. भयंकरच. पण पुढे? तेच लोक तिच्याकडून शिवणकाम करून घेतात. खुद्द गव्हर्नरच्या गळपट्टीवर तिचा टाका. फक्त नवरीची ओढणी तेवढी तिच्याकडे देत नाहीत. म्हणजे पोट चालतं. शिवाय शिक्षा कुणी दिली, कशासाठी दिली, सगळं उघड. त्या अक्षरावर सोनेरी जर भरून तिनं न्याय करणाऱ्यांचीच जिरवली.

आमच्या गावकीचं काम त्याहून सफाईदार. वाळीत टाकलेल्याच्या अंगावर काही चिकटवत नाहीत. दुकानात साखर संपलेली असते, लग्नाची पत्रिका येत नाही, मयताला खांदेकरी मिळत नाहीत. किनाऱ्याकडच्या अशा एका घरी मी गेलो होतो. चहा गाळता गाळता बाई म्हणाली, "म्हावरं घेऊन बसते, पन पाटीला कोन हात लावीत नाय." पंचांना विचारलं तर हात जोडतात: "कुणी कुणाशी बोलावं, ही ज्याची त्याची मर्जी, साहेब." बोलणाऱ्याला दंड मात्र होतो, आणि त्याची पावती मिळत नाही.

1949चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयानं 1962 साली रद्द केला. नवा व्हायला 2016 उजाडलं, अमलात यायला जुलै 2017. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कायदा पुरावा मागतो, आणि साक्षीला यायचं कुणी? त्याच गावानं!

आणि आमची पाली? इथला देवच गावानं छळलेल्या पोराच्या नावाचा. बल्लाळ सवंगड्यांना घेऊन रानात गणपती पुजत बसे. "तुमच्या पोरानं आमची मुलं बिघडवली," म्हणून गावकरी कल्याण शेठजींच्या दारात. गावापुढे मान राखायचा तर शेठजी काय करणार! पूजा उधळली, मूर्ती भिरकावली, पोराला झाडाला बांधून मारलं. आज भिरकावलेल्या त्या ढुंढीविनायकाला आधी नमस्कार, मग बल्लाळेश्वराला. कथा सगळ्यांना पाठ, बापावर सगळे चिडतात. तक्रार घेऊन गेलेल्या गावकऱ्यांचं पुढे काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. मला विचाराल तर तेच पंच झाले असणार.