तळ्याला जामीन कोण?

बँकेत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड लागते. समोर कोण बसले आहे यापेक्षा त्याच्यामागे तारण काय आहे, इकडे त्याचे लक्ष आधी जाते. निवृत्त होऊन, चार कादंबऱ्या लिहूनही माझी ही खोड पुरती गेलेली नाही. म्हणून आजचा लेख हा थोडाफार कबुलीजबाबच समजावा.

२०१४ साली मी कोल्हापुरातल्या एका शाखेत होतो. जून महिना म्हणजे शैक्षणिक कर्जांचा हंगाम. संगणक शिकायला अमेरिकेला निघालेल्या मुलांचे अर्ज आम्ही फारसा विचार न करता पुढे सरकवत असू. त्या गर्दीत एक मुलगी वडिलांना घेऊन आली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पहिला वर्ग. तिला सरोवरशास्त्र शिकायचे होते. व्हिएन्नाचे एक विद्यापीठ, केनियातले एगर्टन विद्यापीठ आणि हॉलंडमधली डेल्फ्टची जलशिक्षण संस्था अशा तिघांनी मिळून चालवलेला तो अभ्यासक्रम होता.

"म्हणजे पाण्याचं इंजिनिअरिंग?" मी विचारले.

"नाही सर. पाण्यात जे जगतं, त्याचं शास्त्र."

मग तिने माझ्याच टेबलावरचा कोरा कागद ओढून त्यावर एक तळे काढले आणि मधोमध रेघ मारली. कॅनडात ऑन्टारिओच्या रानात संशोधनासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. १९७३ साली त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यात शास्त्रज्ञांनी प्लास्टिकचा पडदा टाकून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन सोडला; दुसऱ्यात तेच, पण जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला. दुसरा भाग होता तसाच राहिला. विमानातून काढलेल्या त्या एका छायाचित्राने धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटचा वाद निकाली काढायला मोठा हातभार लावला. "आपला रंकाळा हिरवा का पडतो, ते यात आहे सर," ती म्हणाली. सांडपाणी आणि साबण, दोन्हींतून फॉस्फरस येतो.

मला सगळे समजले होते, हे मुद्दाम सांगतो. तरीही शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिले: 'रोजगाराची शक्यता अनिश्चित.' साडेसात लाखांवरच्या कर्जाला तारण लागे आणि त्यांचे घर चार भावांच्या सामाईक नावावर. वडील उठताना एवढेच म्हणाले, "साहेब, पोरगी हुशार आहे हो." अर्ज परत गेला.

पुढे दोन वर्षांनी ती शिष्यवृत्तीवर गेली, आणि परत आल्यावर पेढे घेऊन माझ्याच घरी आली! माणसे कधीकधी आपल्याला असे लाजवतात.

आता ती काय शिकून आली ते सांगतो. कारण 'पाण्याचं शिकायला परदेशी कशाला? आमच्या आजोबांना विहिरीचं पाणी चाखून कळायचं,' असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. यात तथ्य नाही असेही नाही. शिवाय खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था, जिची सुरुवात १९१६ साली झाली, ती आहेच. पण आपली बरीचशी जलविद्या धरण, कालवा आणि पूर यांची. साचलेले पाणी आजारी कसे पडते, याकडे आपण फारसे पाहिले नाही.

हॉलंडची गोष्टही पुराच्याच भीतीने सुरू झाली. १९५३ च्या जानेवारीअखेरच्या रात्री समुद्र बांध फोडून आत शिरला आणि तिथे अठराशेहून अधिक माणसे गेली. पुढे चार वर्षांनी, १९५७ साली, डेल्फ्टमध्ये विकसनशील देशांतल्या इंजिनिअरांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. आरंभी तिथे नुसते बांध-बंधारे शिकवत. हळूहळू दलदली, तळी, पाण्यातले जीव हेही आले. ऑस्ट्रियातले लुंझ तर त्याहून जुने. तिथल्या तळ्याकाठी १९०५ पासून अभ्यासकेंद्र आहे. शंभरावर वर्षे एकाच तळ्याशी नाते ठेवायचे! आपल्याकडे अशी चिकाटी फक्त सावकाराच्या वहीत दिसते.

पण मुलीच्या बोलण्यात सगळ्यात जास्त आले ते केनिया. तिथले नैवाशा हे गोड्या पाण्याचे सरोवर. आजूबाजूची नाकुरू, एल्मेन्टाइटा ही सरोवरे खारी, म्हणून याची किंमत मोठी. काठावर गुलाबांच्या बागा आहेत. पाणी सरोवराचे, आणि फुले विमानाने थेट हॉलंडच्या लिलावात. "सर, मी पाणी उपसताना पाहिलं आणि नंतर तेच पाणी डेल्फ्टच्या बाजारात कागदात गुंडाळून विकताना पाहिलं," ती म्हणाली. आमच्या भागातल्या उसाची आणि साखरेची आठवण मला तेव्हा झाली, ती काही उगाच नाही. एकाच देशात राहून तिला हे दिसले नसते. परदेशी पाठवायचे ते याचसाठी, नुसत्या पदवीच्या कागदासाठी नव्हे.

मग अडते कुठे? अडते परत आल्यावर. एका नगरपालिकेत ती भेटायला गेली, तर तिथे म्हणाले, "असं पदच मंजूर नाही." तळ्याच्या सुशोभीकरणाला कोटींचे अंदाजपत्रक असते, कट्टे, दिवे, कारंजी सगळे होते. दर महिन्याला पाणी तपासणाऱ्या एका माणसाच्या पगाराला मात्र लेखाशीर्ष सापडत नाही. माझ्या जुन्या धंद्यातल्यांनाही मला सांगायचे आहे: मायदेशी परतून पाण्याचे काम करणाऱ्याचे व्याज काही वर्षे सरकारने भरावे, तारणाची अट सैल करावी. कर्ज बुडेल म्हणता? कारखान्यांची किती बुडाली, ते आम्ही निमूटपणे निर्लेखित केलेच की.

सध्या ती एका खासगी सल्लागाराकडे अहवाल लिहिण्याची नोकरी करते. रविवारी सकाळी रंकाळ्यावर जाते. जवळ दोरीला बांधलेली एक काळी-पांढरी तबकडी असते. सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली वापरात आणलेले हे साधन. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरचे माप वाचायचे. तेवढ्यावर पाण्याचा गढूळपणा कळतो. तीन वर्षांची वही भरली आहे. कुणी मागितलेली नाही.

गेल्या महिन्यात तिला डेल्फ्टहून पीएच.डी.साठी बोलावणे आले. चार वर्षे. तिच्या आईने मला विचारले, "साहेब, पाठवू का? परत नाही आली तर?" मी पाठवा म्हणालो. परत येईल का, हे मला ठाऊक नाही आणि तिलाही नसावे. फक्त मधल्या रविवारांचे रकाने कोरे राहू नयेत, म्हणून तबकडी आणि वही मी माझ्याकडे मागून घेतली आहे. गुडघे कुरकुरतात, पण घाटाच्या पायऱ्या फार नाहीत.