मावशीला हवा असलेला फोटो

दिवाळीत बडोद्याला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मावशीने मला गच्चीवर गाठलं. तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, गेले आठ महिने डिप्रेशनची औषधं घेतोय. तिने मोबाईल पुढे केला. "हे वाच. डिप्रेशन म्हणजे मेंदूला आलेली सूज, असं लिहिलंय. स्कॅनमध्ये दिसते म्हणे. तू कॉम्प्युटरवाला, शोधून सांग ना, कुठे करतात हा स्कॅन? एकदा फोटो हातात आला की घरातले लोक त्याला आळशी म्हणायचे तरी थांबतील."

मी डॉक्टर नाही, साधा बी.ई. आहे. पण तिचं शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना. मग रोज रात्री थोडं थोडं वाचत गेलो.

ही गोष्ट सुरू होते उंदरांपासून. काही जिवाणूंच्या आवरणात एलपीएस नावाचा घटक असतो. तो उंदराला टोचला की शरीरात दाह सुरू होतो. उंदीर खात नाही, कोपऱ्यात बसून राहतो. साधारण एका दिवसात आजारपण ओसरतं, पण त्यानंतरही साखरेचं पाणी आणि साधं पाणी शेजारी ठेवलं तर गोडाची त्याची नेहमीची ओढ कमी झालेली दिसते. आवडत्या गोष्टीतला रस जाणं हे माणसाच्या डिप्रेशनचंही मोठं लक्षण. म्हणून हा उंदीर संशोधकांना उपयोगी वाटला.

आता फोटो. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. दाह झाला की त्या चवताळतात, आणि उंदरात त्यांच्यातलं टीएसपीओ हे प्रथिन वाढतं. त्याला चिकटणारं किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून पेट स्कॅन काढला की ती जागा उजळते. अशा द्रव्यात बऱ्याचदा कार्बन-११ असतो. तो २० मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे ते जवळपासच तयार करावं लागतं.

२०१५ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी डिप्रेशनचे २० रुग्ण आणि २० निरोगी माणसं यांचे असे स्कॅन केले. रुग्णांच्या मेंदूच्या काही भागांत हा सिग्नल सुमारे ३० टक्के जास्त आला. मावशीच्या मोबाईलवरच्या मजकुराचं मूळ बहुधा अशाच बातम्यांत असावं. पण ही गटाची सरासरी आहे. त्यावरून एकट्या माणसाचं निदान होत नाही.

खरी मेख पुढे आहे. आमच्या धंद्यात रोजचा अनुभव: टेस्ट सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर प्रत्यक्ष ग्राहकाकडे गेल्यावर वेगळंच वागतं. इथेही तसंच झालं. २०२३ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात अल्झायमर्स, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि एएलएस झालेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने तपासले होते. माणसाच्या मायक्रोग्लिया चवताळल्या तरी त्यांच्यातलं टीएसपीओ उंदरासारखं वाढत नाही, असं त्यात दिसलं. उंदराच्या जनुकात ते वाढवणारी एक कळ आहे, आपल्या जनुकात ती नाही. म्हणजे माणसाच्या स्कॅनमधला उजेड पेशी किती आहेत ते सांगू शकतो. त्या चवताळल्या आहेत का, हे त्यावरून ठरत नाही.

याचा अर्थ दाहाची कल्पनाच खोटी, असा नाही. २०१३ मध्ये ६० रुग्णांवर दाह कमी करणारं एक औषध वापरून पाहिलं. सगळे मिळून फायदा दिसला नाही. पण ज्यांच्या रक्तात दाहाची खूण आधीच जास्त होती, त्यांना तो झाल्यासारखा दिसला. थोडक्यात, प्रत्येकाचं डिप्रेशन एकाच वाटेने येत नसावं. म्हणूनच सूज उतरवणारं काहीतरी घरीच सुरू करून चालू गोळ्या बंद करणं धोक्याचं.

मावशीला फोन करून सांगितलं, "तुला हवा तसा फोटो अजून कुठेच निघत नाही गं." ती गप्प झाली. मग मी विचारलं, "तुझी अर्धशिशी कुठल्या स्कॅनमध्ये दिसली होती? तरी आम्ही सगळे दिवे बंद करून गप्प बसायचोच ना?"

त्या रविवारी तिने घरातल्यांना समोर बसवून हेच विचारलं म्हणे. तुमच्याही घरात असं कोणी असेल तर फोटोची वाट बघू नका. डॉक्टर झोप, भूक, रस, विचार यांबद्दल विचारूनच निदान करतात. आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.